टक्का कुठे, माणसं कुठे: टेक्सासच्या काउंट्यांमधली हिस्पॅनिक लोकसंख्या कशी वाचावी

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या आहेत, अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण मोजमापाचा अंदाज घ्यायचा तर पुणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. पश्चिम टेक्सासमधली ब्रूस्टर काउंटी क्षेत्रफळाने पुणे जिल्ह्यापेक्षा किंचित मोठी आहे आणि २०२० च्या जनगणनेत तिथे ९,५४६ माणसं होती. लव्हिंग काउंटीत तर फक्त ६४. दुसऱ्या टोकाला ह्यूस्टन शहर जिच्यात येतं त्या हॅरिस काउंटीत ४७,३१,१४५. इतकी असमान भांडी एकाच रांगेत मांडून त्यांतल्या टक्क्यांची तुलना करायची, तर आधी हाताशी नेमकं काय आहे ते समजून घ्यावं लागतं.

२०२० साली टेक्सासची लोकसंख्या २,९१,४५,५०५ होती. त्यांपैकी १,१४,४१,७१७ जणांनी, म्हणजे ३९.३ टक्के लोकांनी, स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (ढोबळमानाने, स्पॅनिश संस्कृतीशी मूळ जोडलेले) म्हणवलं. हिस्पॅनिक नसलेले गोरे ३९.७ टक्के होते. पुढच्या दोन वर्षांत हे पारडं फिरलं आणि १ जुलै २०२२ च्या सरकारी अंदाजात हिस्पॅनिक समाज राज्यातला सर्वांत मोठा गट ठरला.

हे ३९.३ टक्के राज्यभर सारखे पसरलेले नाहीत, आणि लोकांची गफलत इथेच होते. टक्केवारीचा नकाशा काढला की रिओ ग्रांदे नदीकाठचा, मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा गडद होतो. स्टार काउंटीत ९६ टक्क्यांहून जास्त, लारेडो शहराच्या वेब काउंटीत ९५ च्या आसपास, मॅव्हरिक आणि झापाटातही जवळपास तेवढेच. नकाशा पाहणारा म्हणतो, टेक्सासचे हिस्पॅनिक सीमेवर राहतात. आता बेरीज करून बघा. स्टार, वेब, मॅव्हरिक आणि झापाटा या चारही काउंट्यांची सगळी मिळून लोकसंख्या ४,०४,८१० भरते. एकट्या हॅरिस काउंटीत हिस्पॅनिक २०,३४,७०९ आहेत, म्हणजे पाचपट. पण हॅरिसचा टक्का ४३, त्यामुळे नकाशावर ती मध्यम रंगाची, नजरेत न भरणारी राहते. हॅरिस, डॅलस आणि सॅन अँटोनिओची बेअर (लिहिताना तिच्यात एक ‘क्स’ असतो, बोलताना तो गळतो) या तीन काउंट्यांतच राज्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त हिस्पॅनिकांचं घर आहे.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच: मला टक्का हवाय की डोकी? शाळेत स्पॅनिश बोलणारे शिक्षक किती लागतील, दवाखान्यात दुभाषे किती, हे डोक्यांवरून ठरतं. गावाचा बाजार, चर्चमधली प्रार्थना, नगरपालिकेच्या सभेची भाषा कोणती असेल, हे टक्क्यावरून कळतं. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगता येत नाही.

मोजलं जातं ते नेमकं काय? अमेरिकेच्या जनगणनेत २०२० पर्यंत दोन वेगळे प्रश्न होते. आधी विचारायचे, तुम्ही हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश मूळ असलेले आहात का? मग पुढच्या प्रश्नात वंश: गोरे, काळे, आशियाई वगैरे. म्हणजे हिस्पॅनिक हा सरकारी व्याख्येत वंश नाही, मूळ आहे. हिस्पॅनिक माणूस कोणत्याही वंशाचा असू शकतो. तक्त्यातले गोरे, काळे, आशियाई आणि हिस्पॅनिक असे चार आकडे सरळ मिळवले की बेरीज शंभराच्या वर जाते, कारण तीच माणसं दोनदा मोजली जातात. यावर उपाय म्हणजे ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’, ‘हिस्पॅनिक नसलेले काळे’ असे रकाने घेणं आणि हिस्पॅनिक हा एकच रकाना वेगळा ठेवणं. मग बेरीज बरोबर शंभरावर येते.

ही व्याख्या दगडावर कोरलेली नाही. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा चक्क वंश होता. मेक्सिको सरकार आणि इथले मेक्सिकन-अमेरिकन यांनी विरोध केल्यावर १९४० ला तो गेला. १९५० आणि १९६० मध्ये टेक्साससह नैऋत्येच्या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांवरून मोजणी झाली. १९७० ला देशभरात नमुन्यातल्या घरांना थेट प्रश्न विचारला, त्यात ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ असा पर्याय होता. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागात राहणाऱ्या कित्येकांनी तो आपल्यासाठी आहे असं समजून खूण केली. १९८० पासून प्रश्न प्रत्येक घराला विचारला जातो, त्यामुळे काउंटीवार तुलनेची मालिका १९८० पासूनच सुरू करणं बरं. मार्च २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलला: मूळ आणि वंश यांचा आता एकच एकत्र प्रश्न होणार आहे. तेव्हा २०३० चे आकडे आले की २०२० शी तुलना करताना हात आखडता घ्यावा लागेल.

आडनावाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची एक गोष्ट. गोव्यातला किंवा वसईतला एखादा परेरा ह्यूस्टनला स्थायिक झाला, तर आडनाव आयबेरियन वळणाचं असलं तरी त्यामुळे तो हिस्पॅनिक ठरत नाही. माणूस स्वतः काय सांगतो तेच धरलं जातं, आणि सरकारी व्याख्येचा रोख स्पॅनिश संस्कृतीवर आहे, पोर्तुगीज नव्हे. ब्राझीलची मंडळी त्यामुळेच या आकड्यात धरली जात नाहीत, जरी बोलीभाषेत लॅटिनो म्हटलं की ब्राझील आठवतो. आडनावांच्या यादीवरून हिस्पॅनिक मतदार किंवा ग्राहक मोजणारे आजही आहेत. अशा यादीत कोणाची भर पडते आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या किती बायका तिच्यातून गळतात, हे तपासल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

आता नकाशा असा का दिसतो ते. सीमेवरच्या काउंट्यांना स्थलांतरितांच्या काउंट्या म्हणणं हे अर्धंच सत्य आहे. सॅन अँटोनिओची वसाहत १७१८ ची, लारेडो १७५५ चं. तेव्हा अमेरिका नावाचा देशच नव्हता. रिओ ग्रांदेच्या काठी स्पॅनिश राजवटीत जमिनी वाटल्या त्या लांबच लांब चिंचोळ्या पट्ट्यांत: नदीकडे सुमारे एक किलोमीटर रुंदीचं तोंड आणि तिथून आत रखरखीत माळावर कित्येक किलोमीटर लांबी. कोरड्या मुलखात प्रत्येक कुटुंबाच्या जनावरांना पाण्यापर्यंत वाट मिळावी म्हणून ही आखणी. या पट्ट्यांना ‘पोर्सिओन’ म्हणतात आणि स्टार, झापाटा, हिडाल्गो या काउंट्यांच्या जमिनीच्या कागदपत्रांत ते अजून सापडतात. १८३६ ला टेक्सास मेक्सिकोपासून वेगळा झाला, १८४५ ला अमेरिकेत आला, आणि न्युएसेस नदी ते रिओ ग्रांदे हा वादाचा पट्टा १८४८ च्या ग्वादालुपे हिडाल्गो तहाने अमेरिकेकडे गेला. माणसं जागची हलली नव्हती, सीमारेषा त्यांच्यावरून ओलांडून गेली. या जुन्या घराण्यांना तेहानो म्हणतात, आणि त्यांना ‘तुम्ही कधी आलात?’ असं विचारणं म्हणजे कोल्हापूरकराला महाराष्ट्रात कधी आलात असं विचारण्यासारखं आहे.

नंतरचे थर यावर चढले. १९१० ला मेक्सिकोत क्रांती पेटली तेव्हा हजारो कुटुंबं उत्तरेला आली. त्याच सुमारास दक्षिणेच्या खोऱ्यात पाटपाण्याची शेती फोफावत होती आणि भाजीपाला, कापूस, लिंबूवर्गीय फळांना मजूर लागत होते. हिडाल्गो काउंटी आज ८,७०,७८१ लोकसंख्येची आणि सुमारे ९२ टक्के हिस्पॅनिक आहे ती त्यातून. कॅमेरॉन आणि एल पासो या सीमेवरच्या आणखी दोन मोठ्या काउंट्या.

पूर्व टेक्सासचं चित्र निराळं. तिथे पाऊस जास्त, जंगल दाट, आणि यादवी युद्धापूर्वी गुलामांच्या कष्टावर चालणारे कापसाचे मळे होते. म्हणून तिथला जुना मोठा अल्पसंख्य समाज आफ्रिकन-अमेरिकन आहे, हिस्पॅनिक टक्का कमी. पण यालाही अपवाद आहेत आणि ते फार बोलके आहेत. माउंट प्लेझंट गावाची टायटस काउंटी सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर, तरी तिथे हिस्पॅनिक ४० टक्क्यांच्या वर. कारण कोंबड्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने. राज्याच्या उत्तर टोकाला, ज्याला पॅनहँडल म्हणतात, डेफ स्मिथ आणि मूर काउंट्यांत हिस्पॅनिक निम्म्याहून जास्त आहेत. तिथे गुरं पुष्ट करण्याचे प्रचंड गोठे आणि मांसाचे कारखाने आहेत. तेलपट्ट्यातली ओडेसाची एक्टर काउंटीही तशीच बहुसंख्य हिस्पॅनिक. सीमेपासूनचं अंतर हे एकच कारण धरलं तर ही ठिकाणं चुकीची वाटतात. कामाचा नकाशा शेजारी ठेवला की लगेच उलगडतात.

आकडे स्वतः काढायचे तर जनगणना खात्याच्या ‘डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर जायचं. २०२० च्या प्रत्यक्ष मोजणीसाठी मतदारसंघ फेररचनेच्या संचातला ‘पी२’ हा तक्ता घ्यायचा. भूगोलात काउंटी, मग टेक्सास, मग ‘सर्व काउंट्या’ निवडायचं आणि सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी तक्त्याची फाईल, उतरवून घ्यायची. पहिली तपासणी ओळींची: बरोबर २५४ हव्यात. दुसरी बेरजेची: हिस्पॅनिक रकान्याची बेरीज १,१४,४१,७१७ आलीच पाहिजे. ती येत नसेल तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा राज्याची एकूण ओळही काउंट्यांत मिसळलेली असते आणि बेरीज दुप्पट होते. मग प्रत्येक काउंटीसाठी दोन रकाने तयार करायचे: हिस्पॅनिक भागिले एकूण लोकसंख्या, आणि हिस्पॅनिक भागिले राज्यातले एकूण हिस्पॅनिक. हॅरिससाठी पहिला आकडा ४३ टक्के, दुसरा १७.८ टक्के. स्टारसाठी पहिला ९६ च्या वर, दुसरा एक टक्काही नाही. दोन रकाने शेजारी आले की टक्क्याचा आणि डोक्यांचा गोंधळ उरत नाही.

नकाशाला आकडे जोडताना काउंटीचं नाव वापरू नका, फिप्स कोड, म्हणजे प्रत्येक काउंटीला दिलेला सरकारी क्रमांक, वापरा. पाच अंकी कोड, पहिले दोन राज्याचे. टेक्सासचे ४८, म्हणून हॅरिस ४८२०१, वेब ४८४७९. नावाने जोडलं की काय होतं? एल पासो काउंटी कोलोराडोतही आहे, हिडाल्गो न्यू मेक्सिकोतही. टेक्सासच्या आतसुद्धा नावं चकवतात. ह्यूस्टन शहर हॅरिस काउंटीत आहे. ह्यूस्टन काउंटी दूर पूर्व टेक्सासात, आणि तिचं मुख्य ठाणं क्रॉकेट. क्रॉकेट काउंटी पुन्हा वेगळीच, पश्चिमेला. राजधानी ऑस्टिन प्रामुख्याने ट्रॅव्हिस काउंटीत, तर ऑस्टिन काउंटी ह्यूस्टनच्या बाजूला. शहराचा आकडा काउंटीला चिकटवण्याची चूक इथूनच होते. कोडचा रकाना मजकूर म्हणून साठवा. टेक्साससोबत कॅलिफोर्निया घेतलंत तर तिचा कोड शून्याने सुरू होतो आणि एक्सेल ते शून्य गिळून टाकतं.

दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या मोजणीच्या मधल्या काळासाठी ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ आहे. ही मोजणी नव्हे, नमुना पाहणी. एक वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या ठिकाणांसाठी निघतात, म्हणजे टेक्सासच्या बहुतेक काउंट्या गळतात. सगळ्या २५४ हव्या असतील तर पाच वर्षांचे आकडे घ्यावे लागतात. हिस्पॅनिक आणि वंश यांची फोड ‘बी०३००२’ या तक्त्यात, तर मेक्सिकन, साल्वादोरन, पोर्तो रिकन अशी मूळ देशांची फोड ‘बी०३००१’ मध्ये.

इथे प्रत्येक आकड्याशेजारी त्यात दोन्ही बाजूंना किती चूक असू शकते ती मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) छापलेली असते, ९० टक्के खात्रीची. काउंटीच्या एकूण हिस्पॅनिक आकड्याशेजारी बऱ्याचदा मर्यादेऐवजी पाच फुल्या दिसतात. घाबरू नका, तो आकडा खात्याच्या वार्षिक अंदाजाशी जुळवून घेतलेला असतो, म्हणून त्याला मर्यादा लावत नाहीत. खरी अडचण बारीक फोडीत येते. समजा एका काउंटीत साल्वादोरन मूळ असलेले ४२०, मर्यादा १९०. म्हणजे खरा आकडा २३० ते ६१० मध्ये कुठेही असू शकतो. पाच वर्षांनी तोच आकडा ६१०, मर्यादा २३० आली, तर ‘साल्वादोरन समाज ४५ टक्क्यांनी वाढला’ अशी बातमी करायची का? दोन्ही मर्यादांचे वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा: सुमारे २९८. फरक आहे १९०. फरक वर्गमूळापेक्षा लहान, म्हणजे वाढ झाली असं म्हणता येत नाही. हे गणित दोन मिनिटांचं आहे आणि ते न केल्यामुळे लहान गावांविषयी फार चुकीचं छापून येतं. आणखी एक: २०१६-२० आणि २०१८-२२ हे संच एकमेकांवर चढलेले आहेत, मधली तीन वर्षं दोन्हींत तीच. तुलना करायची तर २०१३-१७ आणि २०१८-२२ असे न चढणारे संच घ्या.

वाढीविषयी लिहिताना कशाची वाढ ते स्पष्ट हवं. २०१० ला राज्यात ९४,६०,९२१ हिस्पॅनिक होते, ३७.६ टक्के. दहा वर्षांत सुमारे १९ लाख ८१ हजारांची भर पडली, म्हणजे डोक्यांत जवळपास २१ टक्के वाढ. पण राज्यातला वाटा ३७.६ वरून ३९.३ झाला, जेमतेम पावणेदोनने वर. कारण बाकीचे गटही वाढत होते. सीमेवर तर वाटा आधीच पंचाण्णवच्या घरात आहे, तो आणखी वाढणार कुठे? तिथे माणसं वाढली तरी टक्का हलत नाही, आणि ‘वाढीचा नकाशा’ काढला की हाच पट्टा फिका पडतो.

वंशाच्या रकान्यातली उडीही अशीच फसवी. देशभरात ‘फक्त गोरे’ असं नोंदवलेले हिस्पॅनिक २०१० च्या २ कोटी ६७ लाखांवरून २०२० मध्ये १ कोटी २६ लाखांवर आले. इतकी माणसं कुठे गेली नाहीत. अर्जात मूळ लिहायला जास्त जागा दिली आणि उत्तरं वर्गात टाकण्याची पद्धत बदलली, म्हणून बरेच जण ‘दोन किंवा अधिक वंश’ आणि ‘अन्य’ यांत गेले. हिस्पॅनिक असण्याचा आकडा दशकांमध्ये तोलता येतो, हिस्पॅनिकांचा वंश मात्र या जोडीत नाही.

लहान काउंट्यांत तुरुंग पाहायला विसरू नका. कैदी जिथे कोंडलेले असतात तिथले रहिवासी म्हणून मोजले जातात. बीव्हिलजवळ राज्याचे मोठे तुरुंग आहेत, त्यामुळे बी काउंटीच्या आकड्यात दूरदूरच्या शहरांतली माणसं आहेत. अशा ठिकाणी सामूहिक निवासातली लोकसंख्या वेगळी काढून टक्का पुन्हा मांडावा. लव्हिंगसारख्या चिमुकल्या काउंटीत आणखी एक गोष्ट: २०२० पासून व्यक्तींची ओळख फुटू नये म्हणून खातं आकड्यांत मुद्दाम किंचित फेरफार करतं. राज्याची एकूण लोकसंख्या तशीच ठेवतात, मोठ्या काउंट्यांना फरक जाणवत नाही, पण ६४ माणसांच्या ठिकाणी वंशवार टक्केवारीला अर्थ नाही.

नकाशा रंगवताना टक्क्याचा नकाशा एकटा छापू नका. शेजारी ठिपक्यांचा द्या, एक ठिपका म्हणजे समजा २,००० माणसं. ब्रूस्टरला त्यात कसाबसा एखाद-दुसरा ठिपका मिळेल आणि हॅरिसला हजाराच्या वर. ठिपके काउंटीत कुठेही विखुरलेले असतात, नेमक्या वस्तीवर नव्हे, हे खाली लिहा, नाहीतर वाचक ठिपक्यात आपलं गाव शोधत बसतो.

मोजणीतच जे सुटले त्यांचं काय? २०२० नंतर खात्याने स्वतःच तपासणी केली तेव्हा देशभर हिस्पॅनिक ४.९९ टक्के कमी मोजले गेल्याचं दिसलं. २०१० ला हीच तूट १.५४ होती. टेक्सासची एकूण तूट १.९२ टक्के. काउंटीवार तूट खातं काढत नाही, पण कारणं कोणत्या दारापाशी आहेत ते माहीत आहे. सीमेलगत ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत: शहराच्या हद्दीबाहेर हप्त्याने घेतलेले तुकडे, कच्चे रस्ते, कुठे गटार नाही, कुठे घराला टपालाचा पत्ता नाही. अशा घरांना अर्ज टपालाने जात नाही, कर्मचाऱ्याने दारात नेऊन द्यावा लागतो. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे हेच काम थांबलं. एका प्लॉटवर पुढे-मागे दोन-तीन घरं असतात आणि अर्ज एकालाच मिळतो. म्हणून सीमेवरच्या काउंट्यांचे आकडे वाचताना ते खालच्या बाजूला झुकलेले आहेत असं मनात धरूनच वाचावं. या प्रत्येक सुटलेल्या माणसामागे शाळेचा, रस्त्याचा, दवाखान्याचा निधी दहा वर्षं कमी पडतो.

शेवटी भाजक. मतदारसंघ आखताना राज्यं एकूण लोकसंख्या धरू शकतात, मुलं आणि नागरिक नसलेलेही त्यात. टेक्साससंबंधीच्या २०१६ च्या ‘एव्हनवेल विरुद्ध ॲबट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. पण एखाद्या जागी हिस्पॅनिक मतदार निकाल फिरवू शकतात का, हे पाहायचं तर अठरा वर्षांवरच्या नागरिकांचाच आकडा हवा, आणि तो सर्व्हेच्या वेगळ्या तक्त्यांतून येतो. हिस्पॅनिक समाजात मुलांचं प्रमाण जास्त आणि काही प्रौढ नागरिक नाहीत, त्यामुळे एकूण लोकसंख्येत ४३ टक्के असलेल्या काउंटीत मतदार होऊ शकणाऱ्यांचा टक्का बराच खाली उतरतो. वाक्य लिहिताना म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र लिहा: ‘२०२० च्या जनगणनेनुसार हॅरिस काउंटीच्या एकूण लोकसंख्येत हिस्पॅनिक ४३ टक्के’. साल, मोजणीचा प्रकार आणि कशाचे टक्के.